मैदान बंद करण्याआधी



या अंकात वार्षिक परीक्षेविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. ते पुढच्या अंकात लिहीन. यावेळी मैदानाविषयी लिहिणे जरुरीचे झाले आहे, कारण विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत दोन विषय येणार आहेत. मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावर पळू देऊ नये, अशी काही पालकांची लेखी मागणी आहे. दुसरा, संपूर्ण मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रस्ताव. दोन्हींच्या मागे एकच घटना आहे. गेल्या डिसेंबरात सहावीतली एक विद्यार्थिनी सितोलिया खेळताना पडली आणि तिचा हात मनगटाजवळ मोडला. प्लास्टर निघाले, हात आता बरा आहे. बैठकीपर्यंत मैदानावरचे खेळ थांबवले आहेत, आणि ते परत केव्हा सुरू होणार, हे सर्वांत जास्त वेळा मला तीच विचारते.

पालकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. त्या दिवशी दवाखान्यात मी तिच्या आईशेजारी बसून होते. मूल घरून धडधाकट निघते आणि शाळेतून फोन येतो, तेव्हा आईच्या पोटात काय कालवते ते मी पाहिले आहे. शिवाय या भीतीला खरी कारणेही आहेत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपरापर्यंत पोचली आणि ९४ मुले गेली. ५ जानेवारी २०१८ रोजी आपल्या इंदूरच्या बायपासवर शाळेच्या बसला अपघात झाला. चार मुले आणि चालक वाचले नाहीत. त्यानंतर कित्येक दिवस बस पाच मिनिटे उशिरा पोचली तरी कार्यालयातला फोन वाजत राही. २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळांतील सुरक्षेविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित केली. काही घडले तर सही कोणाची विचारली जाईल, हे मला पक्के ठाऊक आहे.

पण वरच्या दोन घटनांकडे जरा नीट पाहू या. दोन्ही ठिकाणी मुले खेळत नव्हती. छप्पर कशाचे आहे, बस कोणत्या स्थितीत आहे, यातले मुलांना काहीच दिसत नव्हते आणि दिसले असते तरी त्यांच्या हातात काही नव्हते. मुलांना न दिसणारा धोका काढून टाकणे हे आपल्या मोठ्यांचे काम. पाण्याच्या टाकीचे झाकण, उघडी वायर, बसचे ब्रेक, गंजलेली घसरगुंडी, रस्त्याकडचे फाटक ही सगळी त्यात आली. मुलाला दिसणारा धोका वेगळा. फांदी किती उंच आहे, आपल्याला किती जोरात पळता येते, समोरून येणारा आपल्यापेक्षा दणकट आहे का, हे मूल डोळ्यांनी मोजते, कधी चुकते, खरचटून घेते आणि पुढच्या वेळी बरोबर मोजते. हे मोजमाप त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला करता येत नाही. आणि (विश्वस्तांनी राग मानू नये) वायरिंग बदलायला पैसे लागतात, ‘पळू नये’ ही सूचना फळ्यावर लिहायला खडूचा तुकडा पुरतो. त्यामुळे सगळीकडे आधी फळ्यावरची सूचना होते.

माझे लहानपण रामबागेत गेले. घरात मराठी, शाळा-कॉलेज सगळे हिंदी माध्यमाचे. या लेखात कुठे हिंदीचे वळण दिसले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. आमच्या गल्लीत प्रत्येक खेळाला दोन नावे होती. आमच्या आजीची लगोरी बाहेर सितोलिया व्हायची, विटी-दांडूचा गिल्ली-डंडा व्हायचा. आमच्यावर ‘राज्य’ यायचे, शेजारच्या मुलांवर ‘दाम’ यायचा, आणि भांडण मात्र दोन्ही भाषांत एकदम चालायचे.

त्या खेळांत सुरक्षेचे नियम नव्हते, असे आज अनेकांना वाटते. नियम होते, ते मोठ्यांनी केलेले नव्हते इतकेच. कोणाचा लहान भाऊ मागे लागला तर त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेत. तो पळेल, चेंडूला हात लावेल, पण बाद होणार नाही आणि त्याच्यावर राज्यही येणार नाही. त्याला जोरात चेंडू मारायचा नाही, हे कोणी सांगावे लागत नसे. चप्पल तुटली, गुडघा फुटला, आईने हाक मारली, की ‘टाईम प्लीज’ म्हणायचे आणि सगळा खेळ जागच्या जागी थांबायचा. राज्य कोणावर, हे चकून ठरायचे, त्यामुळे दांडग्या मुलालाही ते घ्यावेच लागे. जो फार रडीचा डाव खेळे, त्याला दुसऱ्या दिवशी कोणी बोलावत नसे. दोन दिवसांनी तोच आपल्या घरचा नवा चेंडू घेऊन यायचा आणि प्रकरण मिटायचे. एवढा कारभार आठ-दहा वर्षांची मुले करत होती. खिडकीतून कोणी आजोबा ओरडत, ते फक्त दुपारच्या झोपेसाठी.

आता आमच्या स्टाफरूमच्या खिडकीतून काय दिसते ते सांगते. खेळाच्या तासाला सर शिट्टी वाजवतात, गट पाडून देतात, मुले छान खेळतात. सर रजेवर असले की तीच मुले कठड्यावर बसून राहतात. ‘मॅडम, टीम पाडून द्या ना,’ असे म्हणत सातवीची मुले माझ्या खोलीपर्यंत येतात. चेंडू लागला की नाही लागला, हा वाद अर्ध्या मिनिटात शिक्षकांकडे पोचतो. मुलांत काही कमी आहे, असे मी अजिबात मानत नाही. त्यांच्या गल्लीत गाड्या उभ्या असतात, संध्याकाळी कोचिंग असते, आणि टर्फवर खेळायचे तर तासाचे भाडे भरावे लागते. मोठ्यांच्या नजरेआड पंचवीस-तीस जण एकत्र येतील अशी जागा त्यांच्या दिवसात एकच उरली होती, ती म्हणजे मधली सुट्टी. आपण बंद करायला निघालो आहोत ती हीच.

यात मुलींचे नुकसान आधी होते. शाळेचे मैदान बंद झाले तर मुलगे कुठे ना कुठे क्रिकेटला जागा शोधतात. मुलींना घरचे बाहेर खेळायला सोडतीलच असे नाही. १९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ते जिंकले. प्रार्थनेच्या वेळी ही बातमी सांगितली तेव्हा टाळ्या थांबेनात. नेतृत्व करणारे प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्रातले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमांत बांधायला सुरुवात झाली, बडोद्याला १९२४ मध्ये त्याची नियमावली छापली गेली. म्हणजे तुमच्या-आमच्या पणजोबांच्या वेळेपासूनचा हा आपला खेळ. मी विचारले, मुलींपैकी किती जणी खो-खो खेळल्या आहेत? बरेच हात वर आले. मग विचारले, खांबाकडे धावताना सूर किती जणींनी मारला आहे? चार हात. बाकीच्यांनी सांगितले, पडू म्हणून घरून मनाई आहे.

आता पेव्हरविषयी. सुरक्षेसाठी हा प्रस्ताव आला आहे, पण पडणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले तर तो उलटा आहे. मुले पडताना हात पुढे टाकतात, म्हणून मनगटाजवळचे हाड मोडणे लहान वयात नेहमीचे, असे डॉक्टरांनीच आम्हाला सांगितले. मोकळी माती तो धक्का थोडा तरी पोटात घेते. पेव्हर काहीच घेत नाही. त्यावर वाळूचे चार कण आले की पाय सटकतो, आणि एप्रिलमध्ये दुपारच्या पाळीला त्यावर खो-खोसाठी बसणे अशक्य. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान लागते. आपल्याकडे एवढी जागा आहे, त्याहून फार जास्त नाही. पेव्हर बसल्यावर दोन महिन्यांत तिथे कोणाच्या गाड्या लागतील, हे आपण सगळेच जाणतो. शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला काय काय हवे त्याची यादी आहे. त्यात खोल्या, पाणी, स्वच्छतागृह यांच्या जोडीला खेळाचे मैदानही आहे.

मी सगळ्यालाच हो म्हणते, असे नाही. मधल्या सुट्टीच्या गर्दीत गिल्ली-डंडा नाही. उडालेली गिल्ली कोणाच्या डोळ्याकडे जाते, ते मारणाऱ्यालाही दिसत नाही. तो शनिवारी, मागच्या कोपऱ्यात, वेगळा खेळू. गल्लीकडच्या भिंतीवर चढायचे नाही, कारण पलीकडे वाहने असतात. बाकी सितोलिया, लंगडी, खो-खो, विषामृत सुरू करावेत. एक शिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहतील. वाद झाला तर लगेच मध्ये पडायचे नाही, मारामारी झाली तर पडायचे, असे त्यांना मी सांगितले आहे. प्रथमोपचाराचे शिक्षण दोन शिक्षिका घेणार आहेत. खरचटले तरी त्याच दिवशी घरी कळवले जाईल. पालकांनी तो फोन आला की ‘कोणी ढकलले?’ हे विचारण्याआधी ‘काय खेळत होतीस?’ असे मुलांना विचारून पाहावे, ही माझी विनंती.

विश्वस्तांना एक व्यवहाराची गोष्ट. मालव्याची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात तडकते, म्हणून मैदानावर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागेल. कठड्याजवळचे दोन दगडही उपटायचे आहेत. पेव्हरच्या खर्चात हे सगळे होऊन पैसे उरतील आणि त्यातून टाकीचे झाकण व मागच्या वर्गांचे वायरिंग करता येईल. अंदाजपत्रक मी बैठकीत ठेवत आहे. निर्णय मे महिन्याच्या आत व्हावा. एकदा पाऊस लागला की मुरमाची गाडी फाटकातून आत येत नाही.