हाताखाली कोणी नसताना

पुणे, रविवार दुपार

प्रिय चिमे,

अगं, बढती झाली ते सांगताना आवाज इतका पडका कशाला? तुझा व्हॉइस मेसेज ऐकून आधी वाटलं, घरी कोणी आजारी आहे. मग कळलं की बाईसाहेब प्रोजेक्ट मॅनेजर झाल्यात आणि बँकेचा डेटा जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर हलवायचं लचांड गळ्यात पडलंय. अभिनंदन! पेढे मी माझ्याच पैशांनी आणले आणि तुझ्या वाटचेही खाल्ले.

उत्तर बोलूनच पाठवणार होते, पण समोरच्या प्लॉटवर ड्रिलिंग चालू आहे आणि तोंडी सांगताना मी किती भरकटते ते तुला ठाऊक आहे. लिहिलेलं निदान खोडता येतं.

तर तुझा प्रश्न. ऑफिस एकाच गोष्टीचे पैसे देणार: पीएमपीची, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटची परीक्षा, नाहीतर 'इन्फ्लुएन्सिंग स्किल्स'चं तीन दिवसांचं वर्कशॉप. आणि खरी रड अशी की डेव्हलपर एका मॅनेजरचे, टेस्टर दुसऱ्याचे, डेटाबेसवाले भलत्याच देशात. तुझ्या हाताखाली एकही माणूस नाही, तरी तारीख चुकली की नाव तुझं. चिमे, हे काही तुझ्याच ऑफिसचं खूळ नाही, या नोकरीचा स्वभावच असा. पगारवाढ, रजा, अप्रेझल यातलं काहीच आपल्या हातात नसतं. हिंजवडीत काय आणि सिडनीत काय, समोरच्याने ऐकलं तर ऐकलं.

पीएमपीचं आधी उरकते, कारण त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. दे परीक्षा. ती घेणारी पीएमआय ही अमेरिकन संस्था १९६९ सालची, परीक्षा १९८४पासूनची. पदवी असेल तर तीन वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, आणि पास झाल्यावर दर तीन वर्षांनी ६० तासांचा अभ्यास नोंदवला तर सर्टिफिकेट टिकतं. हे तास लोक कसे भरतात ते विचारू नकोस. वेबिनार लावून गवार निवडणाऱ्या बायका (आणि पुरुषही) मी पाहिल्यात. पण अभ्यास अगदीच पोकळ नाही. २०२१ साली परीक्षेचा आराखडा बदलला तेव्हा ४२ टक्के वजन एकट्या 'माणसं' या भागाला दिलं होतं. म्हणजे गँट चार्ट काढणाऱ्यांच्या संस्थेलाही उमगलं होतं की चार्ट बिचारा बसतो जागेवर, माणसं बसत नाहीत.

आता वर्कशॉप. तिथे काय शिकवतील ते मी इथूनच सांगते. रॉबर्ट चाल्डिनी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक, त्यांचं १९८४चं पुस्तक आणि त्यातली सहा तत्त्वं. कोणी आपलं काम केलं की परतफेड करावीशी वाटते, एकदा चारचौघांत हो म्हटलं की माणूस शब्दाला चिकटतो, चार जण करतात ते पाचवा करतो, वगैरे. माणूस मोठा कष्टाळू. जुन्या गाड्या विकणाऱ्यांत, देणग्या गोळा करणाऱ्यांत उमेदवार म्हणून शिरून त्याने हे टिपलं. फक्त एक लक्षात घे. गाडी विकणारा गिऱ्हाइकाला पुन्हा भेटत नाही. तुला तोच टेस्टर उद्या सकाळी स्टँडअपला भेटणार आहे.

आणखी एक गोष्ट हमखास सांगतील, ती झेरॉक्स मशीनची. हार्वर्डच्या एलन लँगर आणि सहकाऱ्यांचा १९७८चा प्रयोग. मशीनपाशी गर्दी असताना 'मला आधी पाच पानं काढू द्या' एवढंच म्हटलं तर ६० टक्के लोकांनी वाट दिली. 'घाई आहे म्हणून' असं जोडलं तर ९४ टक्क्यांनी. आणि 'कारण मला झेरॉक्स काढायचीय' असं निव्वळ हास्यास्पद कारण दिलं तरी ९३ टक्क्यांनी! इथे वर्गात हशा पिकतो, आणि ट्रेनर सांगतो की कारण कसलंही चालतं, 'कारण' म्हणा म्हणजे झालं. प्रयोगाचा दुसरा भाग तो सांगत नाही. पाचाऐवजी वीस पानं मागितली तेव्हा पोकळ कारणाचा उपयोग शून्य: कारण न देता २४ टक्के, पोकळ कारण देऊन तेही २४ टक्केच. खरं कारण दिलं तेव्हा ४२. आता तूच सांग, तू लोकांकडे पाच पानं मागतेस की वीस? शनिवार-रविवार कामाला या, तुमच्या टीममधली माणसं मला द्या, अर्धा स्कोप कापा. प्रोजेक्ट मॅनेजरचं मागणं नेहमी वीस पानांचंच असतं.

तू राहतेस त्या सिडनीत या सगळ्याचा एक अख्खा धडा पाण्याच्या कडेला उभा आहे. सर्क्युलर कीला उतरलीस की दिसतोच. ऑपेरा हाऊसचे फोटो तू पाठवतेस, पण त्याच्या हिशेबाची गोष्ट कधी वाचलीस का? १९५७ साली डेन्मार्कच्या यॉर्न उत्झॉनचं डिझाइन निवडलं गेलं. खर्चाचा अंदाज नंतर आलेल्या डॉलरमध्ये मांडायचा तर ७० लाख, आणि १९६३च्या जानेवारीत पूर्ण. प्रत्यक्षात लागले १० कोटी २० लाख, आणि राणीच्या हस्ते उद्घाटन झालं ते ऑक्टोबर १९७३मध्ये.

न्यू साऊथ वेल्सचे तेव्हाचे प्रीमियर जो कॅहिल या इमारतीच्या मागे हात धुऊन लागले होते. पक्षातल्यांनाही ती नको होती. एवढे पैसे गाण्या-नाटकाला कशाला, शाळा नि दवाखाने बांधा म्हणून. पण कॅहिल पटवण्यात पक्के. लॉटरी काढून पैसा उभा केला, आणि लोकांचं मन फिरायच्या आत काम अशा टप्प्याला न्यायचं ठरवलं की पुढच्या कोणाला थांबवता येऊ नये. म्हणून मार्च १९५९मध्ये बांधकाम सुरू. छपराच्या त्या शिंपल्या कशा उभ्या राहणार हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. खालचा चौथरा आधी बांधून काढला, आणि छपराचं गणित सुटल्यावर कळलं की खालचे खांब तेवढं वजन पेलणार नाहीत. ते पुन्हा बांधावे लागले. कॅहिल त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये वारले.

उत्झॉन राहिला. एकाच गोलाच्या पृष्ठभागातून सगळ्या शिंपल्या कापायच्या, ही अफलातून युक्ती १९६१च्या सुमाराला निघाली, तरी आकडा दरवर्षी फुगतच होता. १९६५ला सरकार बदललं, डेव्हिस ह्यूज नावाचे नवे मंत्री आले. खर्चाच्या नावाने बोंब मारूनच ते सरकार निवडून आलं होतं. त्यांनी उत्झॉनचे पैसे अडवले. फेब्रुवारी १९६६मध्ये त्याने राजीनामा दिला, त्याला परत बोलवा म्हणून सिडनीत मोर्चे निघाले, पण तो देश सोडून गेला तो पुन्हा आलाच नाही. स्वतः आखलेली इमारत पुरी झालेली त्याने डोळ्यांनी पाहिली नाही.

यावर तू म्हणशील, खरा आकडा १९५७ला सांगितला असता तर ऑपेरा हाऊस झालंच नसतं. मलाही तसंच वाटतं, आणि हे कबूल करायला जड जातं. आमच्याकडचा प्रत्येक सेल्सवाला हाच युक्तिवाद करतो: आधी काम तर पदरात पाडून घेऊ, डिलिव्हरीवाले बघतील मग. आणि कामं येतात, पगार होतात, हेही खरंच. पण चिमे, तुला कॅहिलच्या नाही, उत्झॉनच्या खुर्चीत बसवलंय. सुरुवातीचा होकार कोणीतरी आधीच मिळवलाय, तुला न विचारता, तुला न पटणाऱ्या तारखेवर. तुला तो होकार दर महिन्याला नव्याने मिळवायचाय, आणि तेही आधीचा आकडा चुकलाय हे सगळ्यांना दिसत असताना. वर्कशॉपमध्ये शिकवतात ती कॅहिलची विद्या.

मग तुझी कुठली? माझ्या मते ती दोन कामांत आहे, आणि दोन्ही मीटिंगच्या बाहेरची.

पहिलं म्हणजे, समोरच्याचं काय जाणार आहे ते आधी शोधायचं. कोकण रेल्वेचं बघ. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, कंपनी काढली तेव्हा मालक पाच: रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६. पाच स्टेकहोल्डर आणि सगळी सरकारं! ही रेल्वे बांधणाऱ्या ई. श्रीधरन यांच्या माणसांना ४० हजारांहून जास्त जमीनमालकांशी बोलायचं होतं. आपल्या कोकणी माणसाची कलमांच्या बांधावरून भावाभावांत चालणारी भांडणं तुला माहीत आहेत, तरी बऱ्याच लोकांनी आपणहून जमिनी दिल्या, कारण गाडीची वाट कोकण कित्येक पिढ्या पाहत होतं. हेच लोक, हीच कंपनी गोव्यात गेली तर मार्गावरून आंदोलन पेटलं, काम थांबलं, चौकशी बसली. तिथे प्रश्न खाजण शेतीचा होता, जुन्या गोव्याच्या वारशाचा होता. रत्नागिरीत चाललेलं भाषण मडगावात चालत नाही. तुझ्या डेटाबेसवाल्यांचंही तसंच. ते 'प्रोसेस आहे' म्हणून अडवतात म्हणतेस, पण मागे एखाद्या रात्री काहीतरी उडालं असेल आणि त्याचं खापर त्यांच्यावर फुटलं असेल. विचार की! मीटिंगमध्ये नाही, एकेकट्याला फोन करून. टोयोटात तर ही रीतच आहे: प्रस्ताव एका ए-थ्री कागदावर मांडायचा, ज्याच्या त्याच्याकडे आधी घेऊन फिरायचं, प्रत्येकाने खोडून द्यायचं, आणि मीटिंग होते तेव्हा निर्णय झालेलाच असतो.

दुसरं काम म्हणजे, वाईट बातमी लवकर बाहेर काढणं. आपल्याकडे कलिंगडी प्रोजेक्ट म्हणतात ना, वरून हिरवं, आत लाल. ते का होतं? कारण आपण 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' असं विचारतो. त्या 'ना'ला पोरगं बिचारं काय उत्तर देणार? हो मॅडम. सिडनीत साहेबाला नावाने हाक मारतात म्हणून सगळे धीट असतात असं समजू नकोस. तूच म्हणतेस की तिकडे 'नो वरीज' म्हणजे काहीही असू शकतं. त्याऐवजी विचार, 'शुक्रवारी झालं नाही तर कशामुळे होणार नाही?' गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने याचीच रीतसर पद्धत करून २००७मध्ये हार्वर्डच्या मासिकात मांडली. प्रोजेक्ट सुरू होतानाच सगळ्यांना सांगायचं: समजा, वर्ष उलटलंय आणि प्रोजेक्ट सपशेल बुडालाय, का बुडाला ते प्रत्येकाने आपापलं लिहून काढा. आमच्या इथे हे मी चिठ्ठ्यांवर करून घेते. सहा महिने तोंड न उघडणारी मुलं चिठ्ठीवर अशी काही लिहितात की थक्क व्हावं. नकार देणं अवघड असतं, भाकीत करायला सगळ्यांना आवडतं.

ही दोन्ही कामं नीट झाली ना, की तुझी तारीख ही तारीख वाटायला लागते. हीच तुझी कमाई. ती एकदा गेली की चाल्डिनी स्वतः स्लाइड दाखवायला आले तरी कोणी ऐकत नाही.

आता तुझ्या सोमवारच्या बेताचं. डायरेक्टरना ३० जूनच्या आत गो-लाइव्ह हवंय कारण तिकडचं आर्थिक वर्ष संपतं, आणि टेस्टिंग लीड म्हणतेय सहा आठवडे जास्त लागतील. तू तिला पटवायला निघालीयेस. नको! ती बरोबर असेल तर तिला पटवून तू काय मिळवणार, जुलैत पकडली जाशील. तिच्याबरोबर बसून तीन पर्याय एका पानावर काढ. सगळं ३० जूनला नेलं तर कोणत्या चाचण्या सुटतील आणि ग्राहकाला काय दिसेल. फक्त बचत खाती आधी, गृहकर्जं नंतर, असं केलं तर काय. सगळंच सहा आठवड्यांनी केलं तर खर्च किती. शेजारी तुमच्याच बँकेत मागच्या वेळी असं काम किती लांबलं होतं ते लिही; आपला अंदाज नेहमी आपल्याच बाजूने झुकतो, जुन्या नोंदी झुकत नाहीत. मग स्टीअरिंग कमिटीच्या आदल्या दिवशी डायरेक्टरना एकटं गाठ, टेस्टिंग लीडला सोबत ने, आणि तिलाच बोलू दे. तिचे सहा आठवडे तुझ्या तोंडून ऐकले तर त्यांना ती तुझी सबब वाटेल. ते ३० जूनच निवडतील अशीही शक्यता आहे. निवडू देत. मग त्याच संध्याकाळी मेल टाक: आज असं ठरलं, यात हा धोका आहे, हा आपण जाणून पत्करला. कडवटपणा नको, दोन ओळी पुरेत.

पीएमपीच्या फॉर्मला तुझी जुनी बिझनेस अ‍ॅनालिस्टची वर्षंही लागतील; त्यात प्रोजेक्ट चालवल्याचं जे जे केलंस ते महिन्यांसकट आधी कागदावर काढून ठेव. काकूंना नमस्कार, आणि पोरांना सांग की दिवाळीला फराळ पाठवतेय, कस्टमवाल्यांच्या तावडीतून सुटला तर मिळेल.

तुझी,
शकू

ता. क. वर्कशॉपला तुझे डायरेक्टरही जाणार असतील तर मात्र पीएमपी पुढच्या वर्षी दे. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत ते आयते तुझ्या टेबलाशी सापडतील.