वीस रुपयांचा झुंजार

परवा घरची वर्तमानपत्रं विकायला रद्दीच्या दुकानात गेलो. पत्रकाराच्या घरातून दुसरं काय निघणार! वजनकाट्याशेजारी सुतळीनं बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा पडला होता. सगळ्यात वर बाबूराव अर्नाळकर. झुंजारकथा. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, पानं तपकिरी.

"हे केवढ्याला?"

"वीस द्या भाऊ. घ्याचं असन त घ्या, नाही त उद्या गाडीत जाते."

घेतलं. फोटो स्टेटसला टाकला. तासाभरात चंद्रपूरच्या मित्राचा फोन. "सहाशे देतो, दुसऱ्या कोणाले देऊ नको." त्याला जुनी पुस्तकं जमवायचा नाद आहे. वीसचे सहाशे होत होते, मोह झालाच.

मग मागचं पान उघडलं. वाचनालयाचा गोल शिक्का आणि परतीच्या तारखांची चिठ्ठी. 1984 च्या पावसाळ्यात हे पुस्तक दर तीन-चार दिवसांनी नव्या घरी गेलेलं दिसतं. पुढे तारखा विरळ होत गेल्या. शेवटची 1997 ची. खाली रकाना कोरा.

नव्या पोरांसाठी सांगतो. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिल्या या माणसानं. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांचीच माणसं. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. यांना साहित्यिक म्हणायचं की नाही यावर मोठ्या लोकांनी वाद घातले. इकडे पाळी संपवून आलेला कामगार दिव्याखाली बसून पान उलटत होता. कितीतरी घरांत वाचायची सवय लागली ती अशाच पुस्तकांनी.

आणि आपलं गाव कशाचं? कागदाचं. इथल्या कागद मिलची कंपनी 1945 ची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू इथं येऊन कागद झाला, देशभर वह्या-पुस्तकांत गेला. त्या गावात पुस्तक किलोवर विकलं जावं, हे मनाला लागतं.

रद्दीवाल्याला मी दोष देत नाही. त्यानं गठ्ठा फोडला म्हणून एक पुस्तक तरी वाचलं. वाचनालयाचं नावही लिहीत नाही, कारण प्रश्न एका वाचनालयाचा नाही. जीर्ण पुस्तकं काढावी लागतात, जागा अपुरी असते, ग्रंथपालाला मानधन तुटपुंजं मिळतं. हे सगळं खरं. पण 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे त्या पुस्तकांत तुमचा-माझा पैसा आहे. माझ्या प्रतीवर पुस्तक बाद केल्याची कुठलीही नोंद नाही. मग ते काट्यावर कसं पोचलं, एवढं विचारायचा हक्क वाचकाला आहे की नाही?

मागणी साधी आहे. पुस्तकं काढायची तर आधी यादी फलकावर लावा. एखाद्या रविवारी दाराबाहेर टेबल मांडा, ज्याला हवं तो नेईल. उरलं तर खुशाल रद्दीत द्या. दुसरं, जागोजागी अभ्यासिका होत आहेत, चांगलंच आहे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला जागा हवीच. पण तिथं घरी नेता येईल अशा गोष्टीच्या पुस्तकांचं एक कपाट ठेवायला काय हरकत आहे? दिवसभर चालू घडामोडी घोकणाऱ्या पोराला रात्री झुंजार वाचावासा वाटू शकतो.

मित्राला संध्याकाळी फोन केला. म्हटलं, विकणार नाही. वाचायला ने, आठ दिवसांत परत दे. तो चिडला. "काहून बे, मी काय पळून चाललो?" तरी रविवारी गाडी काढून आला.

1997 च्या तारखेखाली पेनानं नवी तारीख टाकली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं.

आठ दिवसांनी परत येईल. पुढचा नंबर कोणाचा, सांगून ठेवा.