सिंकखालचं भोक

घरातलं सिंक तुंबलं तर दोन दिवस चिडचिड होते, मग प्लंबर येतो आणि निभतं. शिडाच्या बोटीत सिंकचा पाइप निसटला तर बोट बुडू शकते, कारण तो पाइप तळाला पाडलेल्या भोकाशी जोडलेला असतो आणि ते भोक पाणरेषेच्या खाली असतं. भोक दीड इंचाचं आणि पाण्याखाली 2 फूट असेल तर मिनिटाला 100 लिटरहून जास्त पाणी आत घुसतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत इतक्या जोरानं पाणी आलं असतं तर लोकांनी पेढे वाटले असते.

मी गोदीत फिटर होतो. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीची कामं येत राहतात. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलानं ऐंशीच्या दशकातली फायबरची जुनी शिडाची बोट घेतली होती. पावसाळ्यात मुंबई बंदरात अशा बोटी पाण्यात ठेवत नाहीत, म्हणून ती ठाण्यात खाडीलगतच्या एका आवारात ठोकळ्यांवर चढवली होती. "काका, सिंकला घाण वास येतोय, जरा बघता का?" एवढीच त्याची तक्रार.

सिंकखालची फळी काढून बॅटरी मारली. आधीच्या कुणीतरी तिथे चक्क घरगुती काम करून ठेवलं होतं. वर प्लास्टिकचा बॉटल ट्रॅप, त्याला वॉशिंग मशिनचा वळ्यावळ्यांचा पाइप, टोकाला एकच गंजकी क्लिप आणि खाली पितळी व्हॉल्व्ह. घरात बॉटल ट्रॅप लागतो, कारण त्यात साठलेलं पाणी गटाराचा वास वर येऊ देत नाही. बोटीखाली गटार कुठलं? तिथे ट्रॅपमध्ये फक्त भाताची शितं आणि चहाचा चोथा कुजत बसतो. वळ्यांच्या पाइपातही तेच. वासाचं कोडं तिथेच सुटलं.

खरी भीती व्हॉल्व्हची होती. चाकूनं खरवडला. पितळ पिवळं दिसायला हवं, हे गुलाबी निघालं. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो. वरून आकार शाबूत, आत दम नाही. पाना लावून जरा जोर दिला, तर व्हॉल्व्हची मानच हातात आली. बोट जमिनीवर होती म्हणून हसलो. मालकाला मात्र घाम फुटला.

चेंदणी कोळीवाड्यातले एक म्हातारे तांडेल रोज तिकडे चक्कर मारायचे. आमचा उद्योग बघून म्हणाले, "होडीला खालून भोक कशाला पाडता? बादली टाका, वरच भांडी धुवा." मला त्यांचं म्हणणं पटलं. जे भोक पाडलंच नाही ते गळत नाही. पाइप पाणरेषेच्या वर बाजूनं बाहेर काढता येईल का, तेही आम्ही पाहिलं. पण सिंकचा तळच पाणरेषेपासून जेमतेम वीतभर वर. पाइपाला उतार मिळेना. भोक ठेवणं भाग पडलं.

मग मुंबईतल्या दारूखाना भागात जाऊन गनमेटलचा व्हॉल्व्ह शोधला. गनमेटलमध्ये तांब्याबरोबर कथील असतं आणि जस्त अगदी कमी, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात टिकतं. जुन्या फिटिंगचे आटे वेगळे निघाले. अशा वेळी लोक टेफलॉन टेपचं मुंडासं बांधून वेळ मारून नेतात, पण पाण्याखालच्या जोडाला ते चालत नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून नवं फिटिंगच कातून घेतलं.

पाइप आतून गुळगुळीत, पोटात तारेची गुंडाळी असलेला जाड घेतला. तो व्हॉल्व्हच्या टोटीवर चढेना. टपरीवरून उकळतं पाणी आणून टोक त्यात बुडवलं, साबण लावला आणि दाबत दाबत शेवटपर्यंत बसवलं. प्रत्येक जोडाला स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना. टोटी आखूड असेल तर दुसरी क्लिप नुसत्या पाइपावर बसते आणि पाइपच कापते, हे आधी मोजून घ्यावं लागतं.

एक वाद झाला. सिंक बोटीच्या मध्यावर नसून डाव्या अंगाला आहे. वाऱ्यानं बोट डावीकडे कलली की सिंक पाणरेषेखाली जातं आणि खालून समुद्र वर येतो. म्हणून व्हॉल्व्हपाशी हात झटकन पोचला पाहिजे. मी कपाटाच्या फळीत दार कापायला सांगितलं. मुलगा कुरकुरला, "काका, दिसायला बरं दिसणार नाही." म्हटलं, "बुडताना देखणी दिसून काय करणार?" दार कापलं.

पाऊस संपल्यावर बोट पाण्यात उतरवली तेव्हा प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहिला, आणि थोड्या वेळानं पुन्हा. कागद कोरडाच राहिला.

तुमची बोट असेल, किंवा मित्राच्या बोटीवर जात असाल, तर सिंकखाली एकदा बॅटरी मारा. व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा तरी उघडझाक करा, नाहीतर तो जाम होतो. भोकाच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी त्याच्या शेजारीच दोरीनं बांधून ठेवा. आणि बोट सोडून घरी निघताना व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय पाय बाहेर टाकू नका.