शिंगांना रंग कसा द्यावा

पोळा हा बैलांचा सण आहे. आमच्याकडे तो श्रावण अमावास्येला असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याला बैल पुष्कळ सजवतात, पण सगळ्यांची नजर आधी शिंगांवर जाते. आमच्या सर्जा-राजाची शिंगं आजोबा आणि मी रंगवतो. ते कसं करायचं ते मी लिहिते.

आधी शिंग कसं असतं ते कळलं पाहिजे. शिंगाचं वरचं कवच आपल्या नखासारखं असतं. ते हलकं घासलं तर बैलाला दुखत नाही. पण आत हाड असतं आणि त्यात रक्त असतं. म्हणून फक्त वरचे खरबरीत पापुद्रे काढायचे. आजोबा ते काचेच्या तुकड्याने खरवडतात. लहान मुलांनी काच हातात घेऊ नये.

मग माझं काम. पॉलिशपेपर फिरवायचा. आधी जाड, मग बारीक. त्यानंतर गोणपाटाचा तुकडा आणि शेवटी मऊ फडकं. हात भरून येतात, पण शिंग गुळगुळीत होतं. एकाने बैलाच्या गळ्याखाली खाजवत राहायचं, म्हणजे बैल मान हलवत नाही.

नुसती चमक हवी असेल तर तेलाचा हात फिरवावा. रंग द्यायचा असेल तर तेल लावू नये, कारण तेलावर आणि ओल्या शिंगावर रंग धरत नाही. पहिला हात पातळ द्यावा. तो वाळल्यावरच दुसरा द्यावा. पावसाळी हवेत रंग लवकर वाळत नाही, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच रंगवतो. पट्टे सरळ यावेत म्हणून शिंगाला सुतळी गुंडाळायची आणि तिच्या कडेने ब्रश फिरवायचा. ठिपके काडेपेटीच्या काडीने छान येतात. वर बेगड चिकटवावी. अंगावर वाटी गेरूत बुडवून गोल ठसे उठवावेत. खऱ्या हिंगुळात पारा असतो, म्हणून रंगाचे हात तोंडात घालू नयेत.

गेल्या वर्षी बाजारात शिंगं साळणारा काकांना म्हणाला, "राजाची शिंगं बारीक करून देतो, लई टोकदार दिसतील." काका तयार झाले. आजोबा म्हणाले, "नगं. शिंग म्हंजी काय पेन्सिल हाय व्हय?" काका रुसले. म्हणाले, "मिरवणुकीत आपलाच बैल जुनाट दिसंल." नंतर जनावरांचे डॉक्टर आले, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "आजोबांचं बरोबर आहे. शिंगं फार साळली तर ती कमजोर होतात आणि शिंगाच्या कॅन्सरचा धोका वाढतो." मग काकांनीच राजाला सोनेरी पट्टे दिले. राजाची शिंगं जाडजूडच राहिली, पण मिरवणुकीत तो ऐटीत चालला.

राजा वर्षभर आमच्या शेतात राबतो. सण त्याचा आहे, म्हणून त्या दिवशी त्याला त्रास होता कामा नये. माझी सर्वांना विनंती आहे की पोळ्याला शिंगांना रंग भरपूर द्या, पण काच आणि कानस हलक्या हाताने फिरवा.