आमचा जैसलमेरचा बेत

येत्या नाताळच्या सुटींत आमच्या चार घरचीं सोळा माणसें राजस्थानच्या पश्चिम टोकाचें जैसलमेर शहर पाहावयास जाणार आहेत. प्रवासवर्णन हें परत आल्यावर लिहावें असा शिरस्ता आहे. परंतु ह्या बेताच्या निमित्तानें गेले दोन महिने आमच्या घरीं जो खल चालला आहे, त्यांतच मला इतकें शिकावयास मिळालें कीं, गाडींत पाऊल ठेवण्यापूर्वींच चार शब्द लिहावेसे वाटले.

पहिला प्रश्न केव्हां जावें हा. शाळांची मोठी सुटी उन्हाळ्यांत असते. पण मे महिन्यांत तेथील उष्णतामान ४५ अंशांवर चढतें, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी व सात वर्षांची नात ह्यांना घेऊन तेव्हां तेथें हिंडणें म्हणजे शुद्ध अविचार. नाताळांत दिवस सुखाचे, पण रात्रीं थंडी कडाक्याची. वाळवंटांत लोकरीचे कपडे न्यावे लागतात हें मुलांना पटवितांना फार श्रम पडले. दुसरी गोष्ट नकाशानें शिकविली. साऱ्या भारताचें घड्याळ मिर्झापुराजवळच्या रेखावृत्तावर लावलेलें, आणि जैसलमेर त्याच्या पुष्कळ पश्चिमेस. म्हणून डिसेंबरअखेर तेथें सूर्य सव्वासात वाजून गेल्यावर उगवतो. "रोज पहाटे पांचला उठून बाहेर पडणें" हें दादाचें कलम एवढ्या एका कारणानें रद्द झालें, व आमच्यांतील झोपाळू मंडळींनीं भूगोलाचे आयुष्यांत प्रथमच आभार मानले.

खरा वाद पेटला तो मुक्काम कोठें करावा ह्यावरून. रावळ जैसल ह्यानें ११५६ सालीं लोद्रवा सोडून त्रिकूट नांवाच्या टेकडीवर नवी राजधानी वसविली. सुमारें अडीचशें फूट उंचीच्या त्या टेकडीवर पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला उभा आहे; त्याला ९९ बुरूज आहेत, आणि मावळत्या उन्हांत तो सोन्यासारखा दिसतो म्हणून लोक त्यास सोनार किल्ला म्हणतात. २०१३ सालीं राजस्थानांतील आणखी पांच किल्ल्यांसह त्याची जागतिक वारशांत गणना झाली. परंतु आपल्या सह्याद्रींतील बहुतेक गडांप्रमाणें तो ओस नाहीं. त्याच्या पोटांत आजही हजारों माणसें नांदतात, दुकानें आहेत, जुनीं जैन मंदिरें आहेत, आणि प्रवाशांना उतरावयास खोल्याही आहेत. साहजिकच तरुण मंडळींचा आग्रह असा कीं, राहावयाचें तर किल्ल्यांतच! बुरुजावरच्या खिडकींतून सूर्योदय पाहण्याची संधि पुन्हां कोणती?

ह्यावर काकांनीं, जे पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झाले आहेत, आपला चष्मा पुसला. काकांनीं चष्मा पुसला म्हणजे व्याख्यान येणार हें घरांत सर्वांस ठाऊक आहे. ते म्हणाले, "जैसलमेरांत वर्षाला पाऊस पडतो तो जेमतेम सात-आठ इंच. आपल्या कोंकणांत तो शंभर इंचांहून अधिक पडतो. तो किल्ला बांधणाऱ्यांनीं हिशेब केला तो अशा कोरड्या गांवाचा. घागरीनें पाणी वर न्यावयाचें, आणि थेंबही वायां घालवावयाचा नाहीं. अशा स्थितींत तो आठशें वर्षें टिकला. पुढें नळ आले, प्रवासी आले, प्रत्येक खोलीला न्हाणीघर झालें. सांडलेलें पाणी जुन्या गटारांतून पाझरूं लागलें, आणि ती टेकडी आंतून भिजूं लागली. खालीं मऊ खडक व चिकणमाती. भिजली कीं सरकते."

हें ऐकून सर्व गप्प झाले. पुढें मीं स्वतः वाचून पाहिलें, तों काकांचें म्हणणें खरें निघालें. कांहीं बुरूज अलीकडच्या काळांत ढांसळले, व १९९६ सालीं जगांतील संकटग्रस्त वास्तूंच्या एका यादींत ह्या किल्ल्याचें नांव आलें. वाळवंटांतील किल्ल्यास भय कसलें, तर पाण्याचें! तहानेला न डगमगलेली वास्तु सुबत्तेपुढें हार खाते, हें मला तेथील सर्व हवेल्यांहून अधिक विचार करण्याजोगें वाटतें.

तथापि पुतण्याही मागें हटणारा नव्हता. "आपण सोळा माणसें चार दिवस राहिल्यानें किल्ला कांहीं पडत नाहीं," तो म्हणाला, "आणि कोणीच उतरलें नाहीं, तर खोल्यांवर पोट असलेल्या तेथल्या कुटुंबांनीं काय खावें?" हा मुद्दा खोडून काढण्याजोगा नव्हता, व काकांनींही तो खोडला नाहीं. अखेर तोड निघाली ती अशी: मुक्काम व स्नानें पायथ्याच्या गांवांत; परंतु दोन वेळचें जेवण, चहा व जी काय खरेदी होईल ती किल्ल्यांतल्या दुकानांत. केर-सांगरीची भाजी तेथेंच खावयाची असेंही ठरलें. ताज्या भाजीच्या दुष्काळांत रानांतल्या शेंगा व फळें वाळवून ठेवण्याची ही युक्ति आपल्याकडील सांडगे-कुरडयांची बहीण शोभेल.

मग काय पाहावें व काय सोडावें ह्याची यादी झाली. पटव्यांच्या पांच हवेल्या राहिल्या. थोरल्या मामांसाठीं लोंगेवाल्याचा एक दिवस राखला. १९७१ च्या युद्धाची ती भूमि शहरापासून शंभर किलोमीटरांहून दूर आहे. ओसाड पडलेलें कुलधरा गांव मुलांना भुतांसाठीं हवें होतें. मला तें हवें होतें तें तेथल्या पालीवाल शेतकऱ्यांसाठीं. उतारावरून वाहणारें पावसाचें पाणी मातीच्या लांब बांधानें अडवावयाचें, जमिनींत मुरूं द्यावयाचें, आणि त्या ओलीवर हिवाळ्यांत गहूं-हरभरा घ्यावयाचा, ही 'खडीना'ची शेती त्यांनीं नांवारूपास आणली. एका दिवाणाच्या जुलमास कंटाळून ते एका रात्रींत निघून गेले अशी दंतकथा आहे. पाणी आटत गेलें हें कारणही अभ्यासक सांगतात. गोडावण पक्षी मात्र दृष्टीस पडेल अशी आशा कोणीं धरूं नये असें मीं बजावून ठेवलें आहे. हा आपला माळढोकच. सोलापुराजवळ नान्नजला त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, पण आतां तो तेथेंही दुर्मिळ झाला आहे.

समच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर आहेत. तेथें वर्षाच्या शेवटच्या रात्रीं तंबूंत राहावें, नाचगाणें पाहावें, अशी सूचना आली. दर ऐकल्यावर धाकट्या आत्या एकदम अबोल झाल्या. त्यांच्या घरीं यंदां दोन मुलांचें कॉलेज आहे. काकांनीं लगेच सांगितलें कीं, वाळूंत निजलें तर त्यांची कंबर धरते, तेव्हां संध्याकाळीं टेकड्या पाहून परत यावें. काकांची कंबर ठणठणीत आहे हें आम्हां सर्वांस माहीत आहे. पण कोणीं एक शब्द काढला नाहीं, व आत्या पुन्हां बोलूं लागल्या.

शहराभोवतालची जमीन बहुतेक खडकाळ आहे, वाळूचे डोंगर दूर आहेत, हें ऐकून सर्वांत धाकटी हिरमुसली. रविवारच्या शाळेंत तिनें ऐकलें होतें कीं, इस्राएल लोक चाळीस वर्षें 'रानांत' हिंडले. "झाडें नाहींत, तर त्याला रान कां म्हणावयाचें?" असें तिनें विचारलें. आजी म्हणाली, "पाऊस नसला कीं आमचें रानही तसलेंच दिसायचें, बाळ."

१९७२ च्या दुष्काळांत आजी ऐन पंचविशींत होती. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत एका पाझर तलावाच्या कामावर तिनें मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. आम्ही हवेल्यांच्या गोष्टी बोलत असतां ती स्वस्थ बसून असे. पण गडीसर तलावाची कथा वाचून दाखविली तेव्हां ती पुढें सरकली. नळ येण्यापूर्वीं साऱ्या शहराची तहान भागविणारा हा तलाव चौदाव्या शतकांत रावळ घडसी ह्यानें बांधविला. राजा स्वतः कामावर राबत असे, त्या पाळीवरच कटवाल्यांनीं त्याचा वध केला, आणि राणीनें काम पुरें होईपर्यंत सती जाण्याचें नाकारलें, अशी कथा सांगतात. "राजा स्वतः मातींत उतरला?" आजीनें दोनदां विचारलें. "मग मला किल्ला नको. माझे गुडघे तो चढायचे नाहींत. मला त्या पाळीवर सकाळभर बसवा."

त्यामुळें पहिला दिवस गडीसरचा झाला. रेल्वेचें आरक्षण ६० दिवस आधीं खुलें होतें. तो दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तांबड्या पेन्सिलीनें मांडून ठेवला आहे, आणि खालच्या दोन शायिका मिळविण्याचें काम पुतण्याकडे दिलें आहे. बाकीची मंडळी हवेल्या पाहत असतां आजीजवळ पाळीवर कोणीं बसावें एवढेंच ठरावयाचें राहिलें आहे. तूर्त तीन अर्ज आले आहेत, त्यांतला एक काकांचा.