साडेसतरा इंच

हॉर्सपॉवर ठरली की इंजिन ठरलं, अशी माझी भाबडी समजूत होती. पण कोल्हापुरातून ज्या ज्या विक्रेत्याला फोन लावला, त्याने किंमत सांगायच्या आधी एकच विचारलं, ‘‘शाफ्ट कुठला? शॉर्ट, लाँग की एक्स्ट्रा लाँग?’’ मी ‘‘चाळीस एचपी’’ म्हणालो की पलीकडून, ‘‘ते कळलं हो, शाफ्ट सांगा.’’

बोट होती देवबागला. मावसभावाने आणि मी धंद्यासाठी भागीत घेतलेली, १६ फुटी, फायबरची, जुनी आणि इंजिनाविना. कारखान्याच्या साच्यातली नव्हे. तिथल्याच कुणा कारागिराने आपल्या अंदाजाने बांधलेली. मला समुद्राचा अनुभव म्हणाल तर तारकर्लीला पर्यटक म्हणून लाइफ जॅकेट घालून बसण्याइतका.

कॅटलॉग उघडला तर मॉडेलच्या नावात कुठे एस, कुठे एल, कुठे एक्स. एस म्हणजे १५ इंच, एल म्हणजे २०, एक्स म्हणजे २५. आता हे २० इंच कशाचे? इंजिनाची उंची म्हणावी तर ते चांगलं कमरेच्या वर येतं. आतल्या दांड्याची लांबी म्हणावी तर तीही नाही. बोटीच्या मागच्या फळीवर इंजिन ज्या खाचेत बसतं, तिथपासून पंख्याच्या डोक्यावर जी आडवी चपटी पट्टी असते तिथपर्यंतचं हे अंतर. त्यातही कंपनीगणिक इंच-दीड इंच इकडेतिकडे. म्हणजे आकडा सांगायचा इंजिनाचा आणि तो शोधायचा बोटीवर.

हे कळेपर्यंत सल्ल्यांचा पाऊस पडून गेला. शेजारच्या आबांनी छातीठोकपणे सांगितलं, ‘‘लांबच घेवा. पंखो खोल ऱ्हवलो काय पकड बरी.’’ त्यांच्या पुतण्याचं आपल्या होडीबद्दल म्हणणं, ‘‘आमच्या पातीक शॉर्टच आसा, कसलो तरास नाय.’’ दोघेही जन्म समुद्रावर काढलेले. कोल्हापूरकराने कोणाचं ऐकावं?

शेवटी भावाने मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बोटीला एक फेरी मारली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘फळी मोजलास?’’

मी लगेच टेप काढला आणि हाताशी आलेल्या कोपऱ्यापासून खाली सोडला. मिस्त्री हसले. कोपरे उंच असतात. इंजिन बसतं ते मधल्या कापलेल्या भागात, मोजायचं तिथून. शिवाय फळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. टेप फळीला चिकटवून सोडला की आकडा थोडा वाढतो. त्यांनी बोटीच्या पोटाखाली, बरोबर मधल्या कण्याला टेकवून, एक सरळ रीप सरकवली, तिचं टोक मागे हातभर बाहेर काढलं आणि फळीच्या माथ्याच्या पातळीपासून त्या रिपेपर्यंत उभं माप घेतलं. साडेसतरा इंच. फळीला चिकटवून मोजलं असतं तर जेमतेम अर्धा इंच जास्त आलं असतं. तेवढ्याने फार बिघडत नाही, पण कोपऱ्यावरून मोजलं असतं तर अख्खा वर्ग बदलला असता.

पंधरा नाही, वीस नाही, बरोबर मधोमध. माझा चेहरा पडला. मिस्त्रींना मात्र यात काही नवल वाटलं नाही. हाताने बांधलेल्या बोटी अशाच असतात म्हणाले.

मग तिथेच वाळूवर बसून त्यांनी जे समजावलं, ते कॅटलॉगात कुठेच नव्हतं. बोट वेगात आली की तिचं पोट पाण्यावर चढतं आणि मागून पाणी जवळजवळ पोटाच्याच पातळीत सुटतं. पंख्यावरची ती पट्टी साधारण त्याच पातळीत हवी. १५ चं इंजिन लावलं तर पट्टी अडीच इंच वर राहणार. शांत खाडीत कदाचित निभावेल, पण लाट आली किंवा जोरात वळलं की वरची हवा ओढली जाणार. ‘‘पंखो वारो खाता,’’ मिस्त्री म्हणाले. इंजिन किंचाळतं, बोट जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या जाळीतून आत जातं, ती पट्टीच्या खालीच असते. ती उघडी पडत राहिली की इंजिन तापलंच.

आबांचं ‘लांबच घेवा’ ऐकायला सुरक्षित वाटतं, म्हणून नवखा माणूस त्यालाच भुलतो. मीही भुलायच्या बेतात होतो. पण इंजिनाचा जास्तीचा पाय पाण्यात ओढला जातो, मागे तुषारांचे फवारे उडतात, वेग आणि पेट्रोल दोन्ही जातं. आणि देवबागला तर कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला संगमावर वाळू कुठे वर येईल सांगता येत नाही. तिथे अडीच इंच जास्त खोल पंखा म्हणजे भांडण ओढवून घेणं. पुतण्याचं शॉर्ट त्याच्या बुटक्या फळीच्या पातीला बरोबर होतं, एवढंच.

निर्णय असा झाला: इंजिन २० चंच घ्यायचं, आणि फळी उंच करायची. मरीन प्लायचे तुकडे जुन्या फळीवर जोडून, त्यावर फायबरचे थर चढवून मिस्त्रींनी ती दोन इंचांनी वाढवली. राहिलेला अर्धा इंच तसाच सोडला, कारण इंजिनाच्या ब्रॅकेटला एकाखाली एक भोकं असतात. पाऊण पाऊण इंचाने इंजिन वर घेता येतं. फळी वाढल्याचा एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता: मागून लाट आली तर आता ती सहज आत येणार नाही.

चाचणी खाडीत झाली. मिस्त्रींचा आग्रह, बोट रिकामी नको. धंद्यात जेवढी माणसं बसणार तेवढी बसवा, कारण वजनाने बोटीची मागची बाजू दबते. भाचरं, शेजारी, एक हौशी पाहुणा असे सगळे कोंबले. भाऊ सुकाणूवर, मी मागे वाकून पट्टीकडे डोळे लावून. वेग घेतल्यावर पट्टीवरून पाणी जाड थराने उसळत होतं. परत आलो, इंजिन एक भोक वर घेतलं. आता पाणी पट्टीला जेमतेम चाटून जात होतं. डावीकडे, उजवीकडे कचकचीत वळवून पाहिलं; आवाज चढला नाही. बाजूच्या नळीतून थंडाव्याच्या पाण्याची धार एकसारखी पडत होती. आबा काठावरून ओरडले, ‘‘अजून खाली घेवा!’’ मिस्त्रींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बोट वर ओढल्यावर मिस्त्रींनी बोल्ट पक्के करून त्यांच्याभोवती सीलंट भरलं आणि आधीच्या मालकाच्या इंजिनाची उघडी राहिलेली भोकंही बुजवली. फायबरच्या आत लाकूडच असतं. तिथून पाणी झिरपलं की फळी आतल्या आत कुजते आणि वरून काहीच दिसत नाही. मजुरी चुकती करताना त्यांनी विचारलं, पंखा किती पीचचा बसवलाय? मी भावाकडे पाहिलं. भावाने माझ्याकडे.