कूलर चालू होता, धूर आपलाच होता

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. दिवसभर पारा 44 च्या आसपास, म्हणून खिडकीतला कूलर फुल स्पीडवर. माय पलंगावर उठून बसली आणि खोकायला लागली. तिला दमा आहे. म्हणाली, "बापू, तो कूलर बंद कर. धूर येऊन राह्यला."

मी गच्चीवर गेलो. उत्तरेला मेळघाटच्या डोंगरावर आगीची लाल रेघ दिसत होती. खाली येऊन म्हटलं, "जंगल पेटलं, माय." तिने श्वास घेतला अन् म्हणाली, "जंगल असंन तिकडं. हा वास पऱ्हाटीचा आहे."

मी गप्प बसलो. त्याच संध्याकाळी वावरातला पऱ्हाटीचा ढीग मीच पेटवून आलो होतो.

मित्रहो, कूलर हवा थंड करते, गाळत नाही. तो बाहेरची हवा ओढून घरात लोटते. ओल्या ताट्यांत जाडी धूळ अडकते, पण धुरातले बारीक कण सरळ आत येतात. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. ते फुप्फुसात खोलवर जातात. आपल्या देशात 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 सांगितली.

रात्री त्रास जास्त का? दुपारी तापलेली हवा वर जाते, धूर पांगते. सांजेनंतर जमिनीजवळची हवा थंडावते अन् धूर खालीच बसते. म्हणजे आपण कूलर लावून झोपतो, नेमका तेव्हाच.

त्यानंतर आम्ही घरात काय केलं ते सांगतो. सगळं घर सांभाळणं जमत नाही, म्हणून मायची एकच खोली धरली. धूर आला की तिथला कूलर बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं. टेबलफॅनच्या जाळीला हेपा फिल्टर घट्ट बांधला, कडेने हवा निसटणार नाही असा. खोलीतलीच हवा त्यातून पुन्हा पुन्हा फिरते. मोटार तापते का, ते मधून मधून हात लावून पाहतो. फिल्टर काळा पडला की बदलायचा. कण अडतात, पण धुरातले वायू त्यात अडत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. त्या खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर कॉईल बंद. धुराच्या दिवशी तळण नाही, अन् कोरडा झाडू न मारता ओलं पोछा. बाहेर जायचं तर एन-95 मास्क, नाकावर घट्ट बसणारा. तोंडाला गमछा बांधून हे कण थांबत नाहीत, मग तो ओला असो की कोरडा.

पण एक सांगतो, आपल्या वऱ्हाडात बंद खोली म्हणजे भट्टी. म्हाताऱ्या माणसाला धुरापासून वाचवता वाचवता उष्माघात व्हायचा. म्हणून पाणी, ओली पट्टी चालू ठेवायची. जीव घाबरला तर त्यांना धूर नसलेल्या थंड जागी न्यायचं. सकाळी ऊन चढून धूर विरला की खिडक्या उघडून हवा खेळती करायची. दम्याचा पंप उशाशी पाहिजेच, अन् दम लागला तर सरळ दवाखाना.

एवढं सगळं केलं तरी एक खोली राखली जाते. शेजारच्या घरातलं लेकरू तर तोच धूर घेते ना!

डोंगराकडे बोट दाखवणं सोपं आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून तिथं झाडाखालचा पाला पेटवतात, हे आपण चवीनं सांगतो. अन् आपण? पऱ्हाटी, तुराट्या, धुरे, वरून गल्लीतला कचरा. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घातली. साध्या जाळण्यालाही 5,000 रुपये दंड सांगितला.

पऱ्हाटी जाळतो ती गुलाबी बोंडअळी मरावी म्हणून, अन् वावर लवकर मोकळं व्हावं म्हणून. कारण खोटं नाही. पण यंत्राने कुट्टी करून मातीत मिसळली तरी अळीचा आसरा मोडतो, अन् जमिनीला खत मिळते ते वेगळंच. अडचण भाड्याची आहे, मला ठाऊक आहे. एकट्याला परवडत नाही. म्हणून यंदा आम्ही धुऱ्याला धुरा असलेल्या चौघांनी मिळून मशीन आणली. पैसे लागले, खोटं कशाला बोलू? पण गावोगावच्या अवजार बँकेत हे यंत्र असावं, हंगामात वेळेवर मिळावं, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

यंदा मायनं विचारलं, "पऱ्हाटीचं काय केलं?" म्हटलं, "मातीत घातली." ती काही बोलली नाही. कूलरकडे पलंग सरकवून झोपली.

तुमच्या शिवारात काय करता, ते खाली लिहा. पटलं तर पुढे पाठवा.